ट्रक अपघाताची भरपाई कशी मागावी: अपंगत्वाच्या सर्टिफिकेटमधल्या टक्क्यांवर विसंबू नका

एफआयआर, पंचनामा, डिस्चार्ज कार्ड, ट्रकची आरसी, परमिट, चालकाचं लायसन्स, विमा पॉलिसी. एवढी कागदं लागतात हे तुम्हाला कुणीही सांगेल. पोलिसांच्या तपासी अंमलदाराला सविस्तर अपघात अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे, म्हणजे अपघाताच्या भरपाईचे दावे चालवणाऱ्या कोर्टाकडे, पाठवावा लागतो; त्याची प्रत मागून घ्या, निम्मी कागदं त्यातच सापडतात. पॉलिसी अपघाताच्या दिवशी चालू होती ना, एवढं मात्र स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

ट्रकमालकाचा माणूस दवाखान्यात बिस्किटं घेऊन येईल आणि ‘पोरांच्या शाळेला होतील’ म्हणत पाकीट पुढे करेल. पाकिटाबरोबर कागद असला तर सही करू नका. कोऱ्यावर तर नाहीच.

दावा मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करायचा. तो अपघात झाला तिथे, तुम्ही राहता तिथे किंवा प्रतिवादी राहतो तिथे, कुठेही चालतो. ट्रकला एनएल पासिंग आहे म्हणून नागालँड गाठावं लागत नाही. चालक, मालक आणि विमा कंपनी तिघांनाही प्रतिवादी करा. ट्रक पळून गेला आणि नंबरच मिळाला नाही, तर वाट वेगळी: हिट अँड रन योजनेत मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार मिळतात.

‘आधी फौजदारी केसचा निकाल लागू द्या, मग भरपाईचं बघू’ हा सल्ला देणारा भेटला की मला संताप येतो. दोन्ही प्रकरणं स्वतंत्र आहेत. फौजदारीत गुन्हा संशयापलीकडे सिद्ध करावा लागतो, भरपाईत शक्यतेचं पारडं तुमच्या बाजूला झुकलं की पुरतं. चालक तिकडे सुटला म्हणून इकडचा दावा आपोआप बुडत नाही. पण १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात दाव्याला ६ महिन्यांची मुदत आली आहे, आणि निकालाची वाट बघण्यात ती निघून जाते.

आता अपंगत्वाचे टक्के. इथे मी स्वतः सपशेल आपटलो आहे.

माझा धाकटा भाऊ फरशी बसवायचा. ट्रकने ठोकलं तेव्हा तो ३४ वर्षांचा होता. उजवा गुडघा पुन्हा पुरता वाकलाच नाही. सरकारी दवाखान्याचं सर्टिफिकेट मिळालं: उजव्या पायाचं कायमस्वरूपी अपंगत्व ४५ टक्के. शिक्का होता, सही होती. मला वाटलं, काम झालं. डॉक्टरांना साक्षीला बोलवायचा खर्च आणि हेलपाटे मीच वाचवले. उलटतपासणीत कंपनीच्या वकिलांनी भावाला दोनच प्रश्न विचारले. ‘हे टक्के फक्त पायाचे आहेत ना?’ हो. ‘बसून करायचं काम तुम्ही करू शकता ना?’ सरळ माणूस, म्हणाला, हो. न्यायाधिकरणाने पूर्ण शरीराचं अपंगत्व १५ टक्के धरलं आणि कमाईचं नुकसानही तेवढंच.

याचा रुपयांतला अर्थ बघा. भावाची कमाई महिना १५ हजार म्हणजे वर्षाला १,८०,०००. स्वतःचा धंदा आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवायचे: २,५२,०००. या वर्षाच्या रकमेला वयानुसार ठरलेल्या आकड्याने, म्हणजे गुणकाने, गुणायचं; ३१ ते ३५ वयाला गुणक १६. गुणाकार ४०,३२,०००. त्याचे १५ टक्के म्हणजे ६,०४,८००. कमाईचं नुकसान ५० टक्के ठरलं असतं तर २०,१६,०००. गुडघा तोच, पगार तोच. चौदा लाख गेले ते एका न दिलेल्या साक्षीत.

सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१०च्या निकालात हे नीट सोडवून सांगितलं आहे: अवयवाचे टक्के वेगळे, पूर्ण शरीराचे वेगळे आणि कमावण्याची ताकद किती गेली ते वेगळं. तिसरा आकडा कुठल्याही सर्टिफिकेटवर छापून येत नाही, तो पुराव्याने उभा करावा लागतो. फरशी बसवणारा दिवसभर उकिडवा असतो. टेबलावर बसणाऱ्या कारकुनाचा तोच गुडघा गेला तर त्याची नोकरी कदाचित टिकेल. याचा धंदाच संपला.

म्हणून ज्यांनी ऑपरेशन केलं त्याच डॉक्टरांना साक्षीला बोलवा. ते टाळाटाळ करत असतील, तर कमिशनवर, म्हणजे कोर्टाने नेमलेल्या माणसाकडून कोर्टाबाहेर, साक्ष घेण्याचा अर्ज करायला वकिलांना सांगा. डॉक्टरांकडून टक्क्यांच्या पुढचं वदवून घ्या: गुडघा किती अंश वाकतो, उकिडवं बसता येतं का, ओझं घेऊन जिना चढता येतो का. मग ज्याच्याकडे काम करायचा त्या ठेकेदाराने येऊन सांगावं, की हा आधी रोज काय करायचा आणि आता मी याला कामावर का घेत नाही. त्याच साक्षीत कमाईचा आकडाही येऊ द्या, जोडीला बँकेचं स्टेटमेंट. नुसतं ठेकेदाराचं पत्र जोडून भागत नाही. ते लिहिणारा माणूस समोर लागतो.

औषधांची बिलं मिळाल्या दिवशीच झेरॉक्स करा. त्या चकचकीत कागदावरची शाई वर्षभरात उडते, आणि तारखेला तुम्ही पांढऱ्या पट्ट्यांचा गठ्ठा घेऊन उभे राहता.

लोकअदालतीत तडजोड करायला माझी ना नाही, पैसे लवकर हातात पडतात. पण तिथे ठरलेल्या रकमेवर अपील नाही. न्यायाधिकरणाच्या निकालावर ९० दिवसांत उच्च न्यायालयात जाता येतं. तेव्हा वरचं गणित तुमच्या आकड्यांनी घरीच मांडा आणि तो कागद खिशात ठेवूनच कंपनीच्या माणसासमोर बसा. रक्कम आधी त्यालाच बोलू द्या.