पृथ्वीचे भविष्य सुतळीवर मांडताना

इंदूरच्या गणेशोत्सवातील देखाव्यात पृथ्वीचे भविष्य दाखवायचे असल्यास ५० मीटर सुतळी घ्यावी आणि एक मीटर म्हणजे दहा कोटी वर्षे असे प्रमाण धरावे. राजवाड्याजवळच्या जुन्या वाड्यांत इतकी सरळ जागा मिळणे कठीण, तेव्हा सुतळी जिन्याच्या कठड्यावरून वर न्यावी. आरंभीची गाठ म्हणजे आजचा दिवस; तिच्यामागे लाल शाईने ३ मिलिमीटरची खूण करावी. मानवजातीची आजवरची सुमारे ३ लाख वर्षे तेवढ्यात मावतात, आणि १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला तेव्हापासूनचा काळ तर केसाच्या जाडीहूनही बारीक ठरतो. दहाव्या मीटरच्या आसपास निळी चिंधी बांधावी, कारण सूर्याची प्रखरता दर शंभर कोटी वर्षांत साधारण दहा टक्क्यांनी वाढत असल्याने तोवर समुद्र आटू लागतील, असा अंदाज आहे. अखेरच्या टोकाशी सूर्य तांबडा राक्षसी तारा, म्हणजे फुगून प्रचंड झालेला लालसर तारा, होईल.

मंगळावरील वसाहतीची चिठ्ठी मात्र सुतळीला लावू नये. या प्रमाणात तो काळ इतका जवळचा, की ती पहिल्या गाठीलाच चिकटेल. तिच्यासाठी वेगळा तक्ता करून तेथील हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी आणि सरासरी तापमान उणे ६० अंश सेल्सिअसच्या आसपास असल्याचे ठळक लिहावे, कारण नुसती घुमटांची चित्रे पाहून मुलांना हे काम फारच सोपे वाटते.