जुनी स्पोर्ट्स कार विकताय? या चुका टाळा

आमची १९५७ची एमजीए, म्हणजे एमजी कंपनीची ब्रिटिश स्पोर्ट्स कार, विकायला काढली तेव्हा जाहिरातीत मीच 'ओरिजिनल इंजिन' असं ठोकून दिलं होतं. इंजिन होतं ॲम्बेसेडरचं. अगदीच थाप नव्हे, अशी मी मनाची समजूत घातली होती, कारण दोन्ही इंजिनं ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या (बीएमसी) बी-सिरीजचीच, १४८९ सीसीची. दांडिया बाजारातून आलेल्या मुलाने बॉनेट उघडलं, इंजिनात पेट्रोल-हवा मिसळून देणाऱ्या दोन एसयू कंपनीच्या कार्बोरेटरच्या जागी एकच पाहिला आणि मान वर न करता म्हणाला, "काका, आरसी दाखवा जरा." आरसीवर जुन्याच इंजिनचा नंबर. सौदा तिथेच बोंबलला, आणि बडोद्याच्या चार जुन्या गाडीवाल्यांत आठवड्याभरात बातमी फिरली ती वेगळीच.

तेव्हा इंजिन बदललं असेल तर आधी आरटीओत नोंद करून घ्या, मग जाहिरात द्या. 'व्हिंटेज' हा शब्दही जपून वापरा. २०२१च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांपेक्षा जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण ती मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा फेरफार नको. फेरफार केलेल्या गाडीला त्या नावाचा भाव मागितला की जाणकार उठून जातो.

वायरिंगबद्दल गप्प बसणं मात्र सरळ धोक्याचं. एमजीए मुळात पॉझिटिव्ह अर्थची, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक गाडीच्या बॉडीला जोडलेली. बॅटरी चार्ज करणारा डायनामो काढून त्याजागी अल्टरनेटर बसवताना ती निगेटिव्ह केली असेल आणि घेणाऱ्याने जुनं मॅन्युअल वाचून बॅटरी उलटी जोडली, तर अल्टरनेटरमधले डायोड क्षणात जळतात. बॅटरीजवळ चिठ्ठी चिकटवा.

कधी उलटंही होतं, खोट नसताना गिऱ्हाईकच संशय घेतं. एकाने बॉनेटवर लोहचुंबक लावलं, ते घसरून पडलं, "पुट्टी भरलीय!" एमजीएचं बॉनेट, दारं आणि डिकीचं झाकण ॲल्युमिनियमचंच असतं हो. मडगार्ड लोखंडी पत्र्याचे, चुंबक तिथे लावून दाखवा.

भावाचं म्हणाल, तर गॅरेजच्या बिलांची बेरीज म्हणजे किंमत नव्हे. तुम्ही हौसेने बसवलेल्या अलॉय व्हील्सचे पैसे समोरचा का देईल? उलट ती काढून पुन्हा स्पोकची बसवायचा खर्च तो मनात वजा करतो. मी शेवटी भाव उतरवला, सगळे बदल कागदावर लिहून दिले आणि माळ्यावरचे दोन्ही एसयू गोणपाटात गुंडाळून डिकीत ठेवले. पुढच्या गिऱ्हाइकाने गाडी सुरू करायच्या आधी तेच गोणपाटातून बाहेर काढून पाहिले.