शाळेच्या ग्रंथालयाची ओळख करून देताना या चुका टाळा

जूनमध्ये शाळा उघडली की पहिले आठवडे प्रवेश, पाठ्यपुस्तकं आणि गणवेश यांतच जातात. मग कुणाला तरी ग्रंथालयाची आठवण होते. पाचवीचा वर्ग रांगेत आणतात, कपाटं दाखवतात, भिंतीवरचे नियम वाचून दाखवतात आणि रांग जशी आली तशी परत जाते. लेकरांच्या हातात एकही पुस्तक पडलेलं नसतं. मी एका हायस्कूलमध्ये ग्रंथपाल आहे. आसपासच्या जिल्हा परिषद शाळांनी बोलावलं की तिथंही जाते आणि जिथं जाईन तिथं हेच बघते. आता या गोष्टीचा खरोखर वैताग आला आहे.

पहिल्या दिवशी पुस्तक घरी न देणं

बाकीच्या सगळ्या चुका एकीकडे आणि ही एकीकडे. "आधी शिस्त लागू द्या, मग देऊ," असं सांगतात आणि ते 'मग' दिवाळीपर्यंत येत नाही. कारण विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं, "लेकरं फाडतेत हो मॅडम, हारपलं तर भरून कोण देणार?"

एका शाळेत मला मुलांना ग्रंथालय दाखवायला बोलावलं होतं. गेले तर कपाटाला कुलूप. ज्यांच्याकडे ग्रंथालय होतं ते गुरुजी बदलून गेले होते. नव्या गुरुजींनी चार्ज घेतला नव्हता, कारण मोजणीत काही पुस्तकं कमी भरली तर ती आपल्या अंगावर येतील ही भीती. किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलात, आणि कपाट भिंतीला चिकटून, जिथं पावसाळ्यात ओल येते नेमकं तिथं. पुष्कळ विनवण्या केल्यावर ते उघडलं. खालचे दोन्ही कप्पे वाळवीनं खाल्ले होते. पुस्तकं एकमेकांना चिकटून मातीचा ढेकूळ झाली होती. त्यातून एक उचलायला गेले तर पुठ्ठा हातात आला आणि आतली पानं खाली सांडली. दाखल नोंदवही मात्र पूर्ण होती, प्रत्येक पुस्तकाचा क्रमांक, किंमत, पुरवठादार, सगळं. मागं उभ्या असलेल्या मुलींपैकी एकीनं विचारलं, "बाई, ही पुस्तकं आमची होती का?" तिला काय सांगणार?

लेकरांनी घरी नेऊन नेऊन किती हरवली असती? दहा? वीस? वाळवीनं दोन कप्पे नेले.

हिशेबाची भीती खरी आहे, ती मी उडवून लावत नाही. पण केंद्र सरकारचे २०१७चे सामान्य वित्तीय नियम बघा. ग्रंथालयातून दिल्या जाणाऱ्या दर हजार पुस्तकांमागे वर्षाला पाच गहाळ होणं ते वाजवी धरतात. हयगय किंवा अप्रामाणिकपणा नसावा एवढीच अट. हजार रुपयांहून महाग पुस्तक हरवलं तर चौकशी करायला सांगतात. जिल्हा परिषदेचा कारभार राज्याच्या नियमांवर चालतो हे खरं, पण पुस्तक वापरलं की थोडं हरवतं हे दिल्लीच्या लेखापालांनाही मान्य आहे, एवढं तर यातून कळतं. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला पहिलाच नियम असा की पुस्तकं वापरासाठी असतात.

माझी पद्धत साधी आहे. खोलीत सतरंजी अंथरते आणि पुस्तकं मुखपृष्ठ वर करून पसरून ठेवते. कपाटात नुसते कणे दिसतात आणि कण्यावरून पुस्तक ओळखणं नव्या मुलाला जमत नाही. अर्धा तास मुलांना त्यात सोडते. चाळा, ठेवा, दुसरं घ्या, मित्राला दाखवा. गलका होतो, होऊ द्यावा. शेवटी प्रत्येकानं एक पुस्तक घ्यायचं आणि वहीत स्वतःच्या हातानं लिहायचं: दाखल क्रमांक, पुस्तकाचं नाव, आपलं नाव, नेल्याची तारीख. नियम दोनच सांगते. आठ दिवसांनी आण, आणि फाटलं तर लपवू नको, मला दाखव. (फाटलेलं पान चिकटपट्टीनं जोडू नका. ती काही वर्षांत पिवळी पडते आणि कागद घेऊनच निघते. पातळ पांढरा कागद आणि बोटभर फेविकॉल पुरतो.)

कपाट विटांवर ठेवा आणि भिंतीपासून वीतभर पुढं ओढा. हे आजच करा.

प्रत्येक पुस्तकाचा सारांश मागणं

ही चूक मेहनती शिक्षक करतात, म्हणून जास्त वाईट वाटतं. वाचलं की नाही हे कळावं म्हणून दहा ओळी लिहून आणायला सांगतात. पंधरवड्यात काय होतं ते बघा. सगळ्यांत पातळ पुस्तकावर उड्या पडतात. मग मलपृष्ठावरचा मजकूर जसाच्या तसा वहीत उतरतो आणि पाठोपाठ पुढच्या बाकावरची वही मागं फिरते. सातवीतल्या एका मुलाला मी जाडजूड प्राणीकोश हातात घेऊन उभा पाहिलं. पानं उलटून झाली आणि त्यानं तो परत ठेवला. का रे, विचारलं तर म्हणाला, "याचा सारांश कसा लिवायचा बाई?" कोशाचा सारांश खरंच लिहिता येत नाही. त्यानं एक पातळ बोधकथा उचलली आणि निघून गेला.

परत आणताना मी एकच विचारते, "कुणाला द्यावं हे पुस्तक?" वाचलेलं मूल लगेच नाव घेतं आणि कारणही सांगतं. न वाचलेलं गप्प बसतं. त्याला दुसरं पुस्तक द्यायचं, जाब विचारायचा नाही. अर्धं वाचून आणलं तरी चालतं.

पाचवीला वर्गीकरण, आणि दहावीपर्यंत काहीच नाही

नव्यानं ग्रंथालयशास्त्र शिकून आलेले उत्साही लोक पहिल्याच तासाला ड्यूईचे दहा वर्ग, म्हणजे विषयाप्रमाणे पुस्तकांना आकडे द्यायच्या पद्धतीतले मुख्य गट, फळ्यावर लिहितात. लहान मुलांना रंगीत पट्ट्या पुरतात: गोष्टी लाल, विज्ञान हिरवी, चरित्रं पिवळी. आकडे आठवीपासून आणा, तेही खेळातून. क्रिकेटचं पुस्तक ७९६.३५८ वर, पक्ष्यांचं ५९८ वर, मराठी साहित्य ८९१.४६ वर. चिठ्ठ्या टाका, शोधायला लावा. क्रिकेटनं सुरुवात केली की अख्खा वर्ग कपाटापाशी येतो.

छापल्याचं वर्ष बघायला न शिकवणं

पुस्तकात छापलं म्हणजे खरं, ही समजूत मुलं दहावीपर्यंत बाळगतात. ती मोडायला आपल्या भागासारखं उदाहरण नाही. मराठवाड्यात जिल्हे किती, हे वेगवेगळ्या दशकांतल्या भूगोलाच्या पुस्तकांतून शोधायला लावा. १९७५ च्या पुस्तकात पाच सापडतील. १९८१ मध्ये जालना आणि १९८२ मध्ये लातूर झाला, म्हणून १९९० च्या पुस्तकात सात. १९९९ मध्ये परभणीतून हिंगोली निघाला आणि आठ झाले. २०२३ च्या आधीच्या पुस्तकात औरंगाबाद आणि उस्मानाबाद दिसेल, नंतरच्यात छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव. मुलं आधी भांडतात, माझंच बरोबर म्हणतात. मग पहिली दोन-तीन पानं उलटून प्रकाशनाचं वर्ष शोधायला सांगा. त्या तासानंतर मुलं आपणहून ते पान बघायला लागतात. अनुक्रमणिका आणि शेवटची सूची वापरणंही याच तासात शिकवून होतं. त्यासाठी वेगळं व्याख्यान नको. ही जुनी पुस्तकंही रद्दीत घालू नका, या कामासाठीच ठेवा.

बाकी थोडक्यात.

१५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनी, फोटोपुरती पुस्तकं वाटून संध्याकाळी गोळा करू नका. लेकरांना ते बरोबर कळतं.

इयत्तेप्रमाणे पुस्तकं बांधून ठेवू नका. आठवीच्या मुलाला चित्रांचं पुस्तक हवं असेल तर तेच द्या.

बंजारा तांड्यावरच्या मुलांच्या घरी गोरमाटी बोली बोलतात. त्यांना सुरुवातीला कमी मजकुराची, जास्त चित्रांची पुस्तकं द्या आणि गोष्ट त्यांच्या बोलीत सांगू द्या.

समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून ग्रंथालयाला मिळणारं अनुदान मार्चअखेरच्या धावपळीत पुरवठादाराच्या तयार संचावर घालवू नका. तीच ती चरित्रं, त्याच त्या सुविचारांच्या गोष्टी येतात. मुलांना काय हवं याची यादी जुलैपासून भिंतीवर लावून ठेवा.

पीडीएफ ग्रुपवर टाकली म्हणजे ग्रंथालय झालं, असं म्हणणाऱ्यांनी एकदा मोजावं, किती घरांत तो मोबाईल संध्याकाळी मुलाच्या हाती येतो.

आणि महिन्याभरात वाचनसंस्कृती रुजली पाहिजे म्हणून फ्लेक्स लावणाऱ्या नव्या शिक्षकांनो, दोन वर्षं धरा. पहिल्या वर्षी मुलं पुस्तकं नुसती चाळतील. चाळू द्या.

एक शेवटची चूक आमच्या बीडकडची आहे. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतल्या मुलांची पुस्तकं आधीच जमा करून घेतात, "कारखान्यावरून परत येतील का नाही" म्हणून. हंगामी वसतिगृहात राहणाऱ्यांना निदान शाळा तरी असते. आईबापांसोबत जाणाऱ्यांना पाच-सहा महिने वाचायला काहीच नसतं. त्यांना एकाऐवजी तीन पुस्तकं द्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून. नोंदवहीत परतीच्या रकान्यात "गुढीपाडव्यानंतर" लिहा. एखादं आलं नाही तर वर्षअखेरीस निर्लेखनाच्या, म्हणजे नोंदीतून कमी करायच्या पुस्तकांच्या, यादीत घाला, आणि ते मूल वर्गात आलं त्याच दिवशी त्याला पुढचं पुस्तक द्या.