सकाळी उठल्या उठल्या कंबर धरते? पहिला तास असा सांभाळा

डोळे उघडतात, पण कुशीवर वळायचं म्हटलं तरी कंबर साथ देत नाही. मांड्या आखडलेल्या, आणि पाय खाली टेकवला की टाचेत कळ. अर्ध्या तासात हे सगळं सैल पडतं आणि मग दुसऱ्या सकाळपर्यंत आपण ते विसरतो. अशी तक्रार सांगितली की बहुतेक जण गादी बदलायला सांगतात. गादीचंही पाहू. पण माझ्या मते त्याआधी पाहायला हवं ते उठल्यानंतरच्या पहिल्या तासात आपण काय करतो ते.

दिवसभर उभं राहून, बसून मणक्यांमधल्या मऊ चकत्यांवर (डिस्कवर) भार येतो आणि त्यांतलं पाणी थोडं थोडं कमी होतं. रात्री आडवं झाल्यावर भार उतरतो, चकत्या पाणी शोषून पुन्हा फुगतात. म्हणूनच सकाळी आपली उंची संध्याकाळपेक्षा एखाद सेंटिमीटर जास्त भरते. अशा फुगलेल्या चकत्या असताना कंबरेतून वाकलं, तर त्यांच्यावर आणि मणके बांधून ठेवणाऱ्या अस्थिबंधांवर इतर वेळेपेक्षा बराच जास्त ताण येतो. आणि आपल्याकडची सकाळ कशी असते? अंथरुणं गोळा करा, नळाला पाणी आहे तोवर बादल्या आणि पिंप भरा, केर काढा, लादी पुसा. कंबर सगळ्यात नाजूक असते त्याच वेळी सगळ्यात जास्त वाकणं होतं, आणि बहुतेक घरांत ते एकाच बाईच्या वाट्याला येतं. जुनी कंबरदुखी असलेल्यांनी सकाळचं वाकणं टाळलं तर दुखणं कमी होतं, हे 1998 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं होतं. औषध नाही, खर्च नाही. म्हणून सुरुवात इथूनच करा.

1. अंथरुणातच पाच मिनिटं द्या. उताणं पडून दोन्ही पावलं घोट्यातून वर-खाली करा, दहा-पंधरा वेळा. मग गुडघे वाकवून तळवे गादीवर टेकवा आणि दोन्ही गुडघे जोडीने हळूहळू डावीकडे, मग उजवीकडे झुकवा. जाईल तेवढंच, ओढाताण नको. गुडघे छातीशी कवटाळण्याचा व्यायाम चांगला आहे, पण तो संध्याकाळी करा. उठल्या उठल्या केला तर तेही कंबर वाकवणंच झालं.

2. सरळ उठून बसू नका. आधी कुशीवर वळा, पाय पलंगावरून खाली सोडा आणि त्याच वेळी हातांनी गादीवर रेटा देत बसते व्हा. जमिनीवर झोपत असाल तर कुशीवरून दोन्ही हात आणि गुडघ्यांवर या, एक पाय पुढे घ्या, भिंतीचा किंवा खुर्चीचा आधार घेऊन उभे राहा. झटक्यात उठलं की उसण भरते ती अशाच वेळी.

3. पहिला तास वाकायचं नाही. हे लिहायला सोपं, पाळायला अवघड, म्हणून कामांचा क्रम बदला. आधी उभ्याने होणारी कामं: चहा, डबा, कणीक ओट्यावर मळणं. केर-लादी नंतर. पाणी सकाळीच येत असेल तर नळाला पाइप लावून पिंप भरा, आणि उचलायलाच लागलं तर बादली अर्धी भरा, गुडघ्यात वाकून, अंगालगत धरून उचला. अंथरुणं घरातल्या दुसऱ्या कुणी तरी उचलावीत. दात घासताना बेसिनवर ओणवं होऊ नका, एक हात बेसिनच्या कडेवर टेकवा. थोडं चालणं मात्र जरूर करा, घरातल्या घरात का होईना.

4. पायांचं दुखणं वेगळं ओळखा. पहिल्या दोन-चार पावलांना टाच टेकवत नाही आणि चालल्यावर बरं वाटतं, तर दुखणं बहुधा तळव्याच्या जाड पडद्याचं असतं. पलंगावर पाय लांब करून बसा, पाठ ताठ ठेवा, ओढणी किंवा पंचा चवड्याला अडकवून पाऊल आपल्याकडे ओढा. तीस सेकंद धरा, असं तीनदा. पलंगाशेजारी मऊ चपला ठेवा. थंडगार कडक लादीवर अनवाणी पाऊल टाकू नका. खुब्याची बाहेरची बाजू दुखत असेल तर त्या कुशीवर झोपणं थांबवा.

5. आता गादी. पाठ दुखते म्हणून फळीवर झोपा, हा सल्ला पिढ्यानुपिढ्या चालत आलाय, पण सरसकट सगळ्यांना तो लागू पडत नाही. 2003 साली स्पेनमध्ये 313 जणांवर झालेल्या अभ्यासात अगदी कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांची कंबर जास्त सुधारली. कापसाची गादी मध्ये दबून खड्डा पडला असेल तर ती पिंजून, भरून घ्या. नवीन घेण्याआधी एवढं करून बघा. कुशीवर झोपणाऱ्यांनी दोन गुडघ्यांमध्ये उशी घ्यावी, उताणं झोपणाऱ्यांनी गुडघ्यांखाली. पोटावर झोपणं सोडलेलं बरं.

शेक घ्यायचा तर गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं पुरे. मधुमेहामुळे पाय बधिर असतील तर पायांना शेक देऊच नका, चटका बसलेला कळत नाही. आणि मेडिकलमधून वेदनाशामक गोळ्या आणून महिनोन्महिने घेऊ नका. किडनी आणि जठर दोन्हींना त्याचा त्रास होतो.

6. डॉक्टरकडे कधी? लघवी-शौचावरचा ताबा गेला, लघवी अडकली, जांघेत बधिरपणा आला किंवा पायातली शक्ती गेली, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी दवाखाना गाठा. ताप, वजन उतरणं, रात्रीही न थांबणारं दुखणं असेल तर लांबणीवर टाकू नका. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग आजही आढळतो. पडल्यानंतर पाठ दुखायला लागली, विशेषतः पाळी गेलेल्या बायकांमध्ये, तर एक्स-रे काढून घ्या.

आणखी एक गोष्ट तरुणांसाठी. चाळिशीच्या आत दुखणं सुरू झालं, तीन महिन्यांहून जास्त टिकलं, सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून जास्त राहतो, पहाटे दुखून जाग येते आणि विश्रांतीने नव्हे तर हालचालीने बरं वाटतं, तर हा मणक्यांचा दाहक संधिवात असू शकतो. त्यासाठी संधिवाततज्ज्ञांना दाखवा, कारण वेळेत उपचार झाले तर पाठ वाकण्यापासून वाचवता येते. जाण्याआधी आठवडाभर वहीत लिहून ठेवा: किती वाजता जाग आली, नेमकं कुठे दुखलं, किती मिनिटांनी सैल झालं. डॉक्टर नेमकं हेच विचारतात, आणि ऐन वेळी ते आठवत नाही.