घरच्या मांजराशी नव्या पिल्लाची ओळख करून देताना

पुण्यात पावसाळा सुरू झाला की सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीखाली भिजून गारठलेले एखादे पिल्लू सापडते आणि कोणीतरी कनवाळू माणूस ते उचलून थेट हॉलमध्ये, घरच्या मांजराच्या पुढ्यात नेऊन ठेवतो. नेमके हेच टाळावे. मांजर आपली हद्द प्रामुख्याने वासाने ओळखते. त्या हद्दीत अचानक आलेला अनोळखी वास त्याला घुसखोरी वाटतो आणि पहिल्याच भेटीत झटापट झाली, तर तिचा धसका दोघांच्याही मनात फार काळ राहतो.

पिल्लाला आधी पशुवैद्याकडे न्यावे. पिसवा, जंत, कानातील किडे आणि गजकर्ण यांची तपासणी करून घ्यावी, शिवाय फेलाइन ल्युकेमिया या मांजरांच्या विषाणूजन्य आजाराच्या रक्तचाचणीबद्दल विचारावे. सर्वांत मोठी धास्ती पॅनल्युकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या संसर्गजन्य आजाराची असते, कारण त्याचा विषाणू घरात महिनोन्महिने टिकतो आणि आपल्या हातांवरून, कपड्यांवरूनही पसरतो. पिल्लाचे लसीकरण ६ ते ८ आठवड्यांच्या वयापासून सुरू होते आणि ते १६ आठवड्यांचे होईपर्यंत दर ३-४ आठवड्यांनी डोस द्यावे लागतात. घरच्या मांजराची लस राहिली असेल, तर तीही याच सुमारास पूर्ण करावी.

त्यानंतर किमान दोन आठवडे पिल्लाला वेगळ्या खोलीत ठेवावे. ही खोली जुन्या मांजराच्या आवडत्या झोपेच्या जागेची नसावी. वन बीएचकेत राहणाऱ्यांना कोरडी ठेवलेली बाथरूमही चालते. दोघांचे लिटर ट्रे (शी-शूसाठीचे ट्रे), पाण्याची आणि खाण्याची भांडी पूर्णपणे वेगळी हवीत. पुढे दोघे एकत्र राहू लागल्यावरही दोन मांजरांना तीन ट्रे असावेत.

खरी ओळख या बंद दारामागेच होते, म्हणून येथे घाई करू नये. एक स्वच्छ सुती मोजा हातात घालून पिल्लाच्या गालांवर आणि हनुवटीखाली हलकेच फिरवावा, कारण मांजराच्या मैत्रीपूर्ण खुणेचा वास तेथील ग्रंथींतून येतो. तो मोजा जुन्या मांजराच्या खाण्याच्या भांड्यापासून दोन-तीन हातांवर ठेवावा. ते हुंगून फिस्कारले तरी रागावू नये. मोजा आणखी लांब सरकवावा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवावा. मोज्याशेजारी बसून ते निवांत जेवू लागले, की दोघांची भांडी बंद दाराच्या दोन बाजूंना ठेवावीत आणि रोज वीतभर जवळ आणावीत.

नजरभेटीसाठी बाल्कनीच्या सरकत्या दाराला असलेली डासांची जाळी सोयीची पडते; मात्र ती नखांनी फाटते, म्हणून एक माणूस कायम जवळ हवा आणि बाल्कनीला पक्की सुरक्षा-जाळी हवीच. जाळीतून पाहत दोघे शांतपणे जेवले, तरच दार पाच-दहा मिनिटे उघडावे. पिल्लाला त्याआधी खेळवून दमवावे, कारण त्याच्या उड्यांनी वयस्क मांजर फार वैतागते. फिस्कारणे किंवा पंजाचा एखादा फटका ही मर्यादा आखून देण्याची रीत आहे, तेव्हा मध्ये पडू नये. पण कान चपटे करून, टक लावून जुने मांजर दबा धरू लागले, तर मध्ये पुठ्ठा सरकवावा. हात घालू नये आणि ओरडूही नये.

ही भेट गणेशोत्सवात किंवा दिवाळीत ठरवू नये, असे मी आवर्जून सांगेन, कारण ढोलताशांनी आणि फटाक्यांनी मांजरे आधीच बिथरलेली असतात.

या सगळ्या काळात नव्या पिल्लापेक्षा जुन्या मांजराकडे अधिक लक्ष द्यावे. त्याची जेवणाची वेळ आणि मांडीवरची जागा बदलू नये. त्याने दिवसभर अन्नाला तोंड लावले नाही, तर पशुवैद्याला कळवावे. ताणामुळे मूत्राशयाला सूज येऊ शकते. विशेषतः बोका वारंवार ट्रेमध्ये बसूनही त्याला लघवी होत नसेल, तर सकाळची वाट न पाहता त्याला तत्काळ दवाखान्यात न्यावे.