पपनसाच्या सालीचा कंदील

चिनी पंचांगातल्या आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला, म्हणजे चंद्रोत्सवाला, सगळ्यांनी मिळून कंदील करायचे असतील तर बांबू आणि कागदाच्या आधी पपनसं आणा. दक्षिण चीनमध्ये, ग्वांगडोंगकडे, मुलं या सालीचे कंदील करत आली आहेत. फळाचा हंगामही तेव्हाच असतो.

देठाकडचा भाग टोपीसारखा कापून काढा. चमच्याचा दांडा साल आणि गराच्या मध्ये घालून सावकाश फिरवत न्या. इथे घाई केली की साल फाटलीच म्हणून समजा. गर निघाला की नक्षीच्या जागी आतला पांढरा, कापसासारखा थर खरवडून पातळ करा, उजेड तिथूनच झिरपतो. मासा, ससा, चांदणी, काय हवं ते कोरा, पण साल ताजी असतानाच. सुरी मोठ्यांच्या हाती, गर काढणं मुलांकडे. वर तीन भोकं पाडून सुतळी ओवा आणि काठीला टांगा.

आत मेणबत्ती असेल तर तोंड उघडंच ठेवा. तापलेल्या सालीचा वास सुरेख दरवळतो. अगदी लहानग्यांना मात्र बॅटरीचा दिवाच द्या. काढलेल्या गराच्या फोडी फेकून देऊ नका, या सणाला खातात त्या गोडमिट्ट मूनकेकनंतर ती आंबटगोड फोड हवीच.