पावसाळ्यात हातात फिरणारा ड्रायव्हर

जुलैत पुण्यात येरवड्याच्या गोल्फ कोर्सवर खेळताना माझा ड्रायव्हर (लांब फटक्याची काठी) हातातच फिरायचा. सगळे म्हणाले, स्विंग सुधार. पण दोष ग्रिपचा, म्हणजे मुठीवरच्या रबरी आवरणाचा होता. रबर पार चकचकीत, कडक झालेलं. कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि टूथब्रश एवढ्यावर आयर्नच्या (धातूच्या पात्याच्या काठ्यांच्या) ग्रिप सुधारल्या. ड्रायव्हरची मात्र बदललीच. हुक ब्लेडने जुनी कापली (ग्राफाइटच्या शाफ्टला, म्हणजे दांड्याला, साधं कटर लावूच नका, त्यातले धागे कापले जातात), टेप खरवडली, नवी दोन्हीकडून चिकटणारी टेप लावली. नव्या ग्रिपच्या टोकाचं भोक बोटाने दाबून आत टर्पेंटाइन ओतलं, खळखळवलं, तेच टेपवर सोडलं आणि एका दमात ग्रिप चढवली. इथे रेंगाळलात तर ती अर्ध्यावरच अडकते. लगेच ग्रिपवरच्या खुणा सरळ करून रात्रभर वाळू दिली. आता भर पावसातही पकड सुटत नाही.